केमो घेताना हृदयाचाही हिशेब ठेवा

केमोथेरपीच्या वॉर्डात एक औषध नावापेक्षा रंगाने ओळखले जाते. ‘आज लाल औषध आहे’ असे सिस्टरने सांगितले की जुन्या रुग्णांना वेगळे काही सांगावे लागत नाही. पुढचा दिवसभर लघवीही लालसर होणार, हेही त्यांना माहीत असते. हे औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. इटलीतल्या कास्तेल देल मोन्ते या किल्ल्याच्या परिसरातील मातीत सापडलेल्या जिवाणूपासून या औषधांचे घराणे सुरू झाले. स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा, लहान मुलांमधील रक्ताचा आणि हाडांचा कर्करोग अशा कितीतरी आजारांत गेली पन्नास वर्षे त्याने माणसे वाचवली आहेत. आजही अनेक ठिकाणी त्याला तोडीचा पर्याय नाही.

पण हेच औषध काही रुग्णांच्या हृदयाच्या स्नायूला इजा करते. कर्करोग बरा होतो, आणि काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी जिना चढताना धाप लागू लागते. म्हणून केमोला घाबरायचे का? मुळीच नाही. हृदयाच्या भीतीने आवश्यक उपचार टाळणे जिवावर बेतू शकते. मात्र उपचारांच्या धावपळीत हृदयाकडे पाहायचेच राहून जाणे हेही तितकेच टाळण्याजोगे आहे. ही इजा कोणाला होण्याचा धोका जास्त आहे याचा अंदाज आधी बांधता येतो, ती मोजता येते आणि वेळेत सापडली तर तिच्यावर औषध आहे. त्यासाठी रुग्णाने आणि घरच्यांनी काय करायचे, ते या लेखात पाहू.

संशोधनातून काय कळले?

या विषयातला पहिला मोठा अभ्यास १९७९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. डॉक्टर व्हॉन हॉफ आणि सहकाऱ्यांनी डॉक्सोरुबिसिन घेतलेल्या ४,०१८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या ८८ जणांना हार्ट फेल्युअर झाले होते, म्हणजे शंभरात साधारण दोघांना. खरी महत्त्वाची गोष्ट पुढेच होती. धोका औषधाच्या एकूण मात्रेबरोबर वाढत होता. एका वेळी किती औषध गेले यापेक्षा आयुष्यभरात मिळून किती गेले, यावर बरेच काही अवलंबून होते.

२००३ साली स्वेन आणि सहकाऱ्यांनी तीन चाचण्यांतील ६३० रुग्णांची माहिती एकत्र करून हा धोका नव्याने मोजला. एकूण मात्रा ४०० मिलिग्रॅमपर्यंत गेली तेव्हा सुमारे ५ टक्के, ५५० ला २६ टक्के आणि ७०० ला ४८ टक्के रुग्णांना हार्ट फेल्युअर होईल, असा त्यांचा अंदाज निघाला. हे मिलिग्रॅम शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागचे आहेत, हे लक्षात ठेवा. पुढे हिशेब करताना ते लागेल. आज बहुतेक रुग्णांची मात्रा ४०० च्या बरीच खाली ठेवली जाते, ती याच अभ्यासांमुळे.

मुलांच्या बाबतीत चित्र आणखी वेगळे आहे. १९९१ साली लिपशुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी रक्ताच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या ११५ मुलांची तपासणी प्रसिद्ध केली. उपचारांना वर्षे उलटून गेली होती, तरी ५७ टक्के मुलांच्या हृदयाच्या कामात कमी-अधिक दोष दिसला. यातल्या अनेकांना कसलाही त्रास जाणवत नव्हता. ज्यांनी अगदी लहान वयात औषध घेतले, त्यांच्यावर परिणाम जास्त होता.

इजा होते कशी?

पेशीतल्या डीएनएचा गुंता सोडवणारे टोपोआयसोमरेज–२ नावाचे एक प्रथिन असते. त्याचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार आहेत. झपाट्याने वाढणाऱ्या कर्कपेशींत अल्फा भरपूर असते आणि लाल औषध त्याला पकडून पेशी मारते. हृदयाच्या पेशींत असते ते बीटा. औषध त्यालाही पकडते. मग डीएनए तुटतो आणि पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया बिघडतात. २०१२ साली उंदरांवरच्या प्रयोगात हृदयाच्या पेशींतले बीटा प्रथिन काढून टाकले, तेव्हा त्यांची हृदये या औषधापासून बऱ्याच अंशी सुरक्षित राहिली.

हृदयाच्या स्नायूपेशी जन्मानंतर फारशा नव्याने तयार होत नाहीत. गळलेले केस परत येतात, तोंडातले फोड भरतात, पांढऱ्या पेशी वाढतात. हृदयातली मेलेली पेशी मात्र सहसा भरून येत नाही. म्हणून पेशी दुखावलेल्या आहेत पण अजून मेलेल्या नाहीत, त्या टप्प्यावर इजा पकडणे महत्त्वाचे.

उपचार सुरू होण्यापूर्वी

पहिल्या सायकलच्या, म्हणजे केमोच्या फेरीच्या, आधी डॉक्टरांना पुढील गोष्टी न विचारताही सांगा. पूर्वी हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, झडपेचा आजार झाला आहे का. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचा आजार आहे का, आणि त्यासाठी कोणत्या गोळ्या चालू आहेत. तंबाखू, मशेरी, सिगारेट यांची सवय आहे का. छातीवर पूर्वी कधी रेडिएशन झाले आहे का, आणि आधी कधी केमो झाली होती का. वय ६५ च्या पुढे असेल, किंवा यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र असतील, तर हृदयविकारतज्ज्ञांचे मत आधीच घेतलेले बरे.

तपासण्यांत ईसीजी आणि टू-डी इको या दोन मुख्य. इकोच्या रिपोर्टवर इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे ज्याला सगळे ‘पंपिंग’ म्हणतात, तो आकडा असतो. डाव्या खालच्या कप्प्यातल्या रक्तापैकी किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर फेकले जाते, ते त्यातून कळते. पंपिंग ६० टक्के असणे म्हणजे हृदय चाळीस टक्के निकामी, असा समज अनेकांचा होतो. निरोगी हृदयही सगळे रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० हा आकडा उत्तमच आहे.

जिथे सोय आहे तिथे ‘स्ट्रेन’ हे मोजमापही करून घ्या. रिपोर्टवर ते जीएलएस या अक्षरांनी दिसते. पंपिंगचा आकडा ढळण्याआधीच स्नायूच्या आकुंचनातला बारीक फरक ते दाखवते. पहिल्या मोजमापाच्या तुलनेत ते १५ टक्क्यांहून अधिक घसरले तर डॉक्टर सावध होतात. ज्यांना धोका जास्त आहे त्यांच्यासाठी ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी या रक्ततपासण्याही सुचवल्या जातात.

एक काळजी घ्या. एकाच माणसाचा इको दोन ठिकाणी केला तर पंपिंगचा आकडा आठ-दहा टक्क्यांनीही वेगळा येऊ शकतो. तेव्हा शक्यतो दर वेळी एकाच केंद्रात इको करा आणि जुना रिपोर्ट सोबत न्या. ‘केमो चालू आहे, तुलना करायची आहे’ असे इको करणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

मात्रेची बेरीज कशी करायची?

समजा, एका बाईंच्या शरीराचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटर आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांना दर सायकलला ९० मिलिग्रॅम डॉक्सोरुबिसिन दिले. चार सायकलींत ३६० मिलिग्रॅम झाले. त्याला दीडने भागले की उत्तर येते २४०. डॉक्टर ज्या मर्यादेबद्दल बोलतात, तिच्याशी हा २४० चा आकडा जुळवायचा असतो, ३६० चा नव्हे. लिम्फोमाच्या नेहमीच्या सहा सायकलींत ही बेरीज साधारण ३०० होते.

ही बेरीज कधी कामी येते? आजार काही वर्षांनी उलटला, किंवा दुसराच कर्करोग झाला, तेव्हा. नव्या डॉक्टरांना लाल औषध आणखी किती देता येईल हे ठरवायचे असते. जुना कागद नसेल तर त्यांना अंदाजाने काम करावे लागते. मग एक तर उपयोगी औषध हातचे सोडावे लागते किंवा धोका पत्करावा लागतो. आपल्याकडे ऑपरेशन एका गावात, केमो जिल्ह्याच्या ठिकाणी आणि रेडिएशन मुंबई, पुणे किंवा नागपूरला, असे अनेकदा घडते. तिन्ही ठिकाणची फाइल वेगळी असते. ती जोडून ठेवण्याचे काम घरातल्या एका माणसाने अंगावर घ्यावे.

औषधाचे नेमके नावही लिहा. एपिरुबिसिन हे त्याच घराण्यातले लाल औषध आहे. मिलिग्रॅममागे त्याचा हृदयावरचा परिणाम कमी असल्याने त्याची मर्यादा बरीच वरची आहे. दोन्हींचे आकडे सरळ एकमेकांत मिळवू नका. ते गणित डॉक्टरांना करू द्या. मात्रा खूप जास्त जाणार असेल तर डेक्सराझॉक्सेन हे हृदयाचे रक्षण करणारे औषध किंवा लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म कुप्यांत, बंद केलेले डॉक्सोरुबिसिन यांचा विचार करता येईल का, हेही विचारा.

लाल औषधापलीकडे

ट्रास्टुझुमॅब हे हर–२ पॉझिटिव्ह स्तनाच्या कर्करोगावरचे प्रभावी औषध, बहुधा दर तीन आठवड्यांनी वर्षभर दिले जाते. हर–२ हा संदेशग्राही हृदयाच्या पेशींनाही ताणातून सावरायला मदत करतो. त्यामुळे तो अडवला की पंपिंग उतरू शकते. २००१ साली स्लॅमन आणि सहकाऱ्यांच्या चाचणीत हे औषध लाल औषधाच्या गटाबरोबर एकाच वेळी दिले, तेव्हा २७ टक्के रुग्णांच्या हृदयाच्या कामात बिघाड दिसला. ट्रास्टुझुमॅबशिवाय नुसता लाल औषधाचा गट दिला तेव्हा हे प्रमाण ८ टक्के होते. म्हणून आता ही दोन औषधे सहसा एकामागून एक देतात. ट्रास्टुझुमॅबची इजा बऱ्याचदा भरून निघते, पण ती कळली तर ना! वर्षभर दर तीन महिन्यांनी इको ठरलेला असावा. तो चुकवू नका.

फ्लुओरोयुरॅसिलचे सलाईन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या आतड्याच्या व इतर काही कर्करोगांत देतात. काही जणांत या औषधांनी हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि छातीत दुखते. बहुधा हे पहिल्या काही दिवसांतच होते. गोळ्या घरी घ्यायच्या असतात, म्हणून घरच्यांना हे माहीत असलेच पाहिजे. छातीत कळ आली, आवळल्यासारखे झाले, तर ‘पित्त असेल’ म्हणून थांबू नका. पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठा.

इम्युनोथेरपीत हृदयाच्या स्नायूला सूज येणे विरळ आहे, पण आली तर अतिशय गंभीर. पहिले तीन महिने विशेष जपायचे. धाप, छातीत धडधड, भोवळ, त्याच्या जोडीला पापण्या जड होऊन मिटणे किंवा स्नायू दुखणे, असे काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. यात तास महत्त्वाचे असतात, कारण स्टेरॉइड जितके लवकर सुरू होईल तितके बरे.

रेडिएशनलाच आपल्याकडे ‘लाइट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. डाव्या स्तनाच्या उपचारात हृदय किरणांच्या वाटेत येते. २०१३ साली डार्बी आणि सहकाऱ्यांनी स्वीडन व डेन्मार्कमधील २,१६८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयाला बसलेल्या सरासरी दर एक ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रेमागे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या गंभीर आजाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढत होता. ही वाढ पहिल्या पाच वर्षांतच सुरू होऊन पुढे वीस वर्षे टिकत होती. आता यंत्रे सुधारली आहेत. खोल श्वास घेऊन रोखून धरला की हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकते आणि तेवढ्या वेळात किरण देता येतात. ‘ही पद्धत इथे आहे का? माझ्या हृदयाला किती मात्रा बसेल?’ हे प्रश्न नियोजनाच्या वेळी विचारा.

केमोचा थकवा की हृदयाचा त्रास?

रुग्ण आणि नातेवाईक इथेच सर्वांत जास्त गोंधळतात. केमोने थकवा येतोच. हिमोग्लोबिन उतरले तरी दम लागतो. पण केमोचा थकवा साधारणपणे पुढच्या सायकलपर्यंत थोडा तरी ओसरतो. हृदयाचा त्रास ओसरत नाही, वाढत जातो. पुढच्या खुणा लक्षात ठेवा:

- सपाट झोपले की धाप लागते, एकाच्या दोन उश्या घ्याव्या लागतात.
- मध्यरात्री गुदमरून जाग येते, उठून बसल्यावर बरे वाटते.
- घोट्यांवर आणि पायांवर सूज, बोटाने दाबले की खळगा राहतो.
- दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढते, खाणे मात्र नेहमीइतकेच किंवा कमी.
- कालपर्यंत चढलेला जिना आज मधेच थांबून चढावा लागतो.
- विश्रांतीतही छातीत धडधडते, ठोके चुकल्यासारखे वाटतात.

घरात वजनकाटा ठेवा. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहापूर्वी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. आठवड्यातून दोनदा रक्तदाब पाहा. वरच्या खुणांपैकी एकही दिसली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. बसल्या जागी धाप, छातीत असह्य दुखणे किंवा शुद्ध हरपणे, असे झाले तर १०८ ला फोन करा.

पंपिंग कमी आले तर?

पहिली गोष्ट, स्वतःच्या मनाने केमो बंद करू नका. पंपिंग दहा टक्के किंवा त्याहून अधिक घसरून ५० च्या खाली गेले, तर तो खरा बदल मानून पावले उचलली जातात. औषध थांबवायचे, पुढे ढकलायचे की हृदयाची औषधे देऊन चालू ठेवायचे, हा निर्णय कर्करोगतज्ज्ञ आणि हृदयविकारतज्ज्ञ यांनी मिळून घ्यायचा असतो. दोघांची गाठ घालून देणे हे अनेकदा रुग्णाच्या घरच्यांनाच करावे लागते. एकाचा सल्ला लेखी घेऊन दुसऱ्याला दाखवा.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. मिलानमधील युरोपियन कर्करोग संस्थेत डॉक्टर डॅनिएला कार्डिनाले आणि सहकाऱ्यांनी यावर केलेले काम सगळ्यांनी लक्षात ठेवावे असे आहे. २०१० सालच्या अभ्यासात लाल औषधाच्या गटामुळे पंपिंग ४५ किंवा त्याखाली गेलेले २०१ रुग्ण होते. त्यांना एनालाप्रिल आणि शक्य तेव्हा कार्व्हेडिलॉल ही हृदयाची औषधे दिली. केमो संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत ज्यांची ही औषधे सुरू झाली, त्यांतल्या ६४ टक्के रुग्णांचे पंपिंग पूर्ववत झाले. सहा महिने उलटल्यावर ज्यांची सुरू झाली, त्यांतले कोणीही पूर्ण बरे झाले नाही. औषधे तीच होती. फरक पडला तो उशिरामुळे.

याच गटाने २०१५ साली २,६२५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ९ टक्के रुग्णांच्या हृदयाला इजा झाली होती आणि त्यांतल्या ९८ टक्के जणांची ती पहिल्या वर्षातच सापडली. बारकाईने लक्ष ठेवून लगेच उपचार केल्याने इजा झालेल्यांपैकी ८२ टक्के जणांचे पंपिंग सुधारले. पूर्ण पूर्ववत झालेले मात्र ११ टक्केच होते. म्हणजे केमो संपल्यावरचे पहिले वर्ष सर्वांत मोलाचे.

आधीपासूनच एखादी गोळी घेतली तर इजा टळेल का? यावरचे संशोधन अजून एका सुरात बोलत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लिम्फोमाच्या ३०० रुग्णांपैकी अर्ध्यांना अॅटोर्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचे औषध दिले. पंपिंगमध्ये लक्षणीय घट त्या गटात ९ टक्के आणि दुसऱ्या गटात २२ टक्के रुग्णांना झाली. त्याआधी प्रामुख्याने स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत मात्र असा फायदा दिसला नव्हता. तेव्हा बातमी वाचून दुकानातून गोळ्या आणू नका. डॉक्टरांना विचारा. काढे, चूर्णे, ‘शक्तीच्या’ गोळ्या यांनाही हाच नियम लागू आहे. जे काही पोटात जाते, ते डॉक्टरांना माहीत असू द्या.

उपचार संपल्यानंतर

लाल औषध किंवा ट्रास्टुझुमॅब घेतलेल्या प्रत्येकाने उपचार संपल्यावर वर्षाच्या आत पुन्हा इको करावा. रक्तदाब काटेकोर आटोक्यात ठेवावा, कारण या औषधांनी दुखावलेल्या हृदयाला वाढलेला रक्तदाब फार लवकर थकवतो. साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचेही तसेच. डॉक्टरांनी परवानगी दिली की रोज चालायला सुरुवात करा. पडून राहण्याने हृदय वाचत नाही.

बालपणी कर्करोग होऊन गेलेल्यांसाठी पाठपुरावा आयुष्यभराचा आहे. लाल औषधाची एकूण मात्रा २५० किंवा त्याहून अधिक गेली असेल तर दर दोन वर्षांनी आणि १०० ते २५० च्या दरम्यान असेल तर दर पाच वर्षांनी इको करावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशा बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र पाठपुरावा क्लिनिक चालते. मूल मोठे होऊन नोकरीला लागले, तरी तिथे जाणे थांबवू नये.

यात एक अवघड विषय आहे. मुलीचे लग्न ठरताना लहानपणीचा कर्करोग लपवला जातो. पुढे दिवस राहतात तेव्हा तो डॉक्टरांपासूनही लपवला जातो. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण वाढते आणि हृदयावरचा भार मोठा होतो. लाल औषध घेतलेल्या मुलीचा इको गरोदरपणाचा विचार करताना किंवा निदान पहिल्या तीन महिन्यांत झालाच पाहिजे. एनालाप्रिलसारख्या गोळ्या चालू असतील तर त्या गरोदरपणात चालत नाहीत, त्या आधीच बदलून घ्याव्या लागतात. बऱ्या झालेल्या आजारात लाज वाटण्यासारखे काही नाही. इतरांना काय सांगायचे ते कुटुंब ठरवेल, पण बाळंतपणाच्या डॉक्टरांना सगळे खरे सांगा.

हे एक पान तयार करा

फाइलच्या सर्वांत वर एक कागद लावा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. त्यावर एवढेच लिहा:

१. आजाराचे नाव आणि निदानाची तारीख.
२. दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, सायकलींची संख्या, पहिली व शेवटची तारीख.
३. डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिनची एकूण मात्रा, दर चौरस मीटरमागे.
४. रेडिएशन कोणत्या भागाला, कोणत्या बाजूला आणि किती ग्रे.
५. प्रत्येक इकोची तारीख, पंपिंग, स्ट्रेन आणि केंद्राचे नाव.
६. हृदयाच्या चालू गोळ्या आणि पुढच्या इकोची तारीख.

शेवटच्या सायकलच्या दिवशी डिस्चार्ज कार्ड हातात पडते, तेव्हा तिसऱ्या ओळीतला आकडा डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. तो विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. कर्करोगावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही त्यांचा रुग्ण पुढची तीस-चाळीस वर्षे धडधाकट जगायला हवा असतो. आणि तेवढी वर्षे जगायची तर या कागदाची गरज पुन्हा पुन्हा पडणार आहे.